दिवाणजींनी विचारलं होतं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं पत्र आहे. वय ४७, पेढी आजोबांनी सुरू केलेली. निजामाबादच्या एका पार्टीकडून नऊ वर्षं माल येतो. एका शनिवारी संध्याकाळी त्या पार्टीच्या नावानं ईमेल आला. ३६ क्विंटलचं बिल, दर १३,५००, एकूण ४ लाख ८६ हजार. सगळं बोलणं झालं होतं तसंच. खाली दोन ओळी जादा होत्या: आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, रक्कम या नव्या खात्यावर टाका, आज टाकली तर गाडी सोमवारी निघेल. पेढीच्या दिवाणजींनी आरटीजीएस केलं, म्हणजे बँकेतून रक्कम थेट त्या खात्यावर पाठवली. मंगळवारी निजामाबादचा फोन आला, पैसे कधी टाकताय?

दिवाणजी ६१ वर्षांचे, पत्रलेखकाच्या वडिलांच्या काळापासूनचे. घरात सगळे त्यांना काका म्हणतात. मुलाचं म्हणणं, काकांना आता घरी बसवा, एखादा शिकलेला पोरगा ठेवू. पत्रलेखकानं मधला मार्ग काढलाय: काकांच्या पगारातून दरमहा ८,००० कापायचे. काका ‘कापा’ एवढंच म्हणाले आणि गेले चार दिवस पेढीवर आलेले नाहीत. घटनेला अकरा दिवस झाले. बँकेला कळवलंय, पोलिसांत तक्रार केलेली नाही, कारण बाजारात नाव जाईल. प्रश्न दोन: कापणं योग्य आहे का, आणि जुन्या माणसाला हे नवे फसवणुकीचे प्रकार शिकवायचे कसे?

नमस्कार,

काकांचं नंतर बघू. उत्तर छापून येईपर्यंत आणखी दिवस जाणार म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी एका ओळीचा निरोप पाठवला होता, की १९३० ला फोन लावा. लावला नसेल तर पेपर बाजूला ठेवा आणि आधी तो लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन करताना हाताशी ठेवा: आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), पैसे गेले ते खातं आणि त्याचा आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड), तारीख-वेळ आणि तो ईमेल. ईमेल डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉटही पुरत नाही, मूळ मेल तसाच राहू द्या. मग हीच माहिती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर भरा आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन या.

अकरा दिवस उशीर झालाय, हे मी गोड करून सांगणार नाही. या पैशाचा प्रवास असा असतो: पहिल्या खात्यावर आले की काही मिनिटांत त्याचे चार तुकडे होतात, ते चार वेगळ्या खात्यांत जातात, तिथून आणखी पुढे, शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख. ही खाती बहुतेक भाड्याची. कुणा गरजू पोरानं चार पैसे घेऊन पासबुक आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं. तक्रार लवकर गेली तर वाटेतल्या एखाद्या बँकेत रक्कम गोठवता येते. उशिरा गेली तर कमी मिळतं, कधी काहीच मिळत नाही. पण त्याच खात्यावर दुसऱ्या कुणाची तक्रार आधीच झाली असेल, रक्कम कुठे अडकून पडली असेल, तर तुमचं नाव यादीत असल्याशिवाय कोर्टातून ती सुटून तुमच्याकडे येणार कशी? आणि आणखी एक. तक्रारीनंतर कुणी फोन करून ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ म्हणाला तर तो त्याच जत्रेतला दुसरा पाकीटमार समजा.

आता काका.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिली असावी. तुमच्याच शब्दांत देते: ‘काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो पाठवला होता, मी जतला लग्नात होतो, अंगठा टाकला, पण नीट बघितलं नव्हतं.’

ही ओळ मी तीनदा वाचली. काकांनी विचारलं होतं. नवं खातं दिसलं, त्यांना ते खटकलं असेल किंवा नसेल, पण त्यांनी बिल मालकाला दाखवलं. मालकानं पंगतीत बसल्या बसल्या अंगठा टाकला. तो आल्यावर त्यांनी काय करायला हवं होतं? पुन्हा फोन करून ‘शेठ, खरंच बघितलंत का?’ असं विचारायचं? मनावर हात ठेवून सांगा, गेल्या वीस वर्षांत असं विचारलेलं तुमच्या पेढीवर चाललं असतं? वडिलांच्या वेळी चाललं असतं?

तुम्हाला वाटतंय की फसवणारा काकांच्या वयावर टपला होता. मला वाटतं तो तुमच्या पेढीच्या रीतीवर टपला होता. मालकाचा निरोप आला की उलट विचारायचं नाही, पार्टीला ताटकळत ठेवायचं नाही, गाडी अडकू द्यायची नाही. याच तीन गोष्टींवर तुमची पेढी नावारूपाला आली असेल. त्यानं त्याच धरल्या. शिकलेला पोरगा ठेवलात तरी तो हेच करेल, फक्त काकांपेक्षा पटापट करेल.

आणखी एक हिशेब घाला. ४ लाख ८६ हजार, महिना ८,०००. फिटायला ६१ महिने लागतात. काका ६६ वर्षांचे होतील. पुढची पाच वर्षं तुमच्या गल्ल्याच्या किल्ल्या अशा माणसाकडे राहतील ज्याला दर एक तारखेला आठवण करून दिली जाते की तो गुन्हेगार आहे. आणि पुन्हा कधी हातून चूक झाली तर तो ती तुम्हाला सांगेल की दडवेल? ज्या पेढीवर चूक सांगणाऱ्याला दंड होतो तिथे चूक उशिरा कळते, आणि या प्रकारात उशीर म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. मी कापणार नाही. तुमचा जीव अगदीच कळवळत असेल तर नुकसान पेढीच्या नावे टाका आणि तुमच्या स्वतःच्या उचलीतून महिन्याला थोडं वळतं करा, कारण अंगठा तुमचा होता. हे तुम्हाला लागेल याची मला कल्पना आहे.

आता हे झालं कसं, ते नीट समजून घ्या, म्हणजे काकांना काय शिकवायचं आणि काय नाही ते कळेल.

तुम्ही सोबत ईमेलची छापील प्रत पाठवलीत, बरं केलंत. पत्ता भिंगाखाली धरून बघा. पार्टीच्या नावात इंग्रजी ‘एम’ येतो. या पत्त्यात त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून टाकलीत. मोबाइलवर ती जोडी हुबेहूब ‘एम’ दिसते. मला जुन्या मेलशेजारी ठेवल्यावर कळली, तीसुद्धा चष्मा बदलून. तुम्ही हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकता, आतला रंग बघता, मग दर बोलता. पोत्यावरचं नाव वाचून कधी हळद घेतलीत का? ईमेलवरचं नाव म्हणजे पोत्यावरचं नाव. ते कुणालाही छापता येतं.

पण खरा प्रश्न पत्त्याचा नाहीच. त्या माणसाला ३६ क्विंटल आणि १३,५०० हे आकडे ठाऊक कसे झाले? बोलणं तुम्हा दोघांत झालं होतं. म्हणजे दोघांपैकी एकाच्या मेलबॉक्समध्ये तो बसलेला आहे, कदाचित महिनोन् महिने. शिरण्याची वाट साधीच असते: ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवायला इथे लॉगिन करा’ असा मेल येतो, पान अगदी ओळखीचं दिसतं, आपण पासवर्ड टाकतो, संपलं. यालाच फिशिंग म्हणतात; गळाला आमिष लावून बसणं. नंतर तो काहीच करत नाही. वाचत राहतो. मोठं बिल निघालं की मध्ये बोट घालतो.

म्हणून आज मुलाला एक काम द्या, घरी बसवण्याच्या गोष्टी तो नंतर करेल. पेढीच्या ईमेलचा पासवर्ड बदलायचा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करायचं, कुठल्या कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे ते बघून अनोळखी सगळे बाहेर काढायचे. आणि हे बहुतेक जण विसरतात: सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघायचे. घुसलेला माणूस तिथे गुपचूप एक नियम लावून जातो, की ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेल्या मेलची प्रत मलाही जाऊ दे. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहू शकतो. तुमच्याकडे काही सापडलं नाही तर निजामाबादच्या पार्टीला हेच करायला सांगा. त्यांच्याकडून फुटलं असेल तर त्यांची बाकीची गिऱ्हाइकंही रांगेत उभी आहेत. आणि त्यांचे पैसे कुणी भरायचे हा वाद फोनवर चढ्या आवाजात करू नका. कुणाची पेटी उघडी होती हे कळल्यावर तो समोरासमोर बसून, गरज पडली तर वकिलाला घेऊन मिटवा.

बँकेकडून फार अपेक्षा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे. पुष्कळ जण तो पाठ म्हणून दाखवतात. तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पैसे आपल्याच हातानं गेलेत. आणि आरटीजीएस गेलं की गेलं, परत बोलावता येत नाही. डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास, रविवारीही चालतं. सोय आहे खरी, पण पूर्वी शनिवारी संध्याकाळी बँक बंद असायची, सोमवारपर्यंत डोकं थंड व्हायचं, त्यात कितीतरी पेढ्या वाचल्या असतील.

एक मात्र उपयोगाची गोष्ट आहे. आपण वर्षानुवर्षं फॉर्मवर खातेदाराचं नाव लिहीत आलो, पण पैसे जमा होतात ते निव्वळ खाते क्रमांकावर. नाव जुळतंय का हे कुणी बघत नसे. रिझर्व्ह बँकेनं आता बँकांना सांगितलंय, की १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसच्या आधी समोरच्या खात्याचं खरं नाव दिसण्याची सोय द्या. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती कुठे आहे ते काकांना शाखेत घेऊन जाऊन दाखवून घ्या. निजामाबादच्या ट्रेडिंग कंपनीच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं असतं तर काका तिथेच थांबले असते, तुमचा अंगठा आला असता तरी. मला खात्री आहे.

हरिपूरची पेवं तुमच्या आजोबांनी वापरली असतील. जमिनीत खोल खणलेली, वर्षानुवर्षं हळद टिकवणारी. पेव उघडलं म्हणून कुणी लगेच आत उतरत नसे. झाकण काढून काही तास तसंच मोकळं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, वरच थांबायचं. गाडी दारात उभी असली तरी थांबायचं, आणि हमाल थांबला म्हणून कुठल्या शेठनं त्याचा रोज कापला नाही.

काकांना शिकवायचं ते एवढंच, आणि तेही शिकवायचं कमी, मुभा द्यायची जास्त. खातं बदललं असा निरोप कुठूनही येवो, मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, पार्टीच्या लेटरहेडवर, तुमच्या आवाजात, त्या दिवशी पैसे जाणार नाहीत. काका पेढीच्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर फोन करतील. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही, तो फसवणाऱ्याचाच असतो आणि तो फार अदबीनं बोलतो. ओळखीच्या माणसाकडून खात्याचे शेवटचे चार आकडे वदवून घेतील आणि तारीख घालून वहीत लिहितील. एक रुपया आधी पाठवून बघण्याची पद्धत चांगली आहे, पण ‘मिळाला’ हे उत्तर मेलवर घेऊ नका. मेलवर चोरही म्हणेल, मिळाला.

आणि बँकेत सांगून मोठ्या रकमेला दोन हात लावून घ्या: एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. मंजूर करणारे तुम्ही. म्हणजे लग्नात असाल तर पैसे थांबतील. थांबू द्या. नुसता अंगठा म्हणजे मंजुरी नाही हे पेढीवर एकदा मोठ्यानं सांगून टाका.

तुमच्या आवाजात असं मुद्दाम लिहिलं. हल्ली मालकाचा फोटो डीपीला लावून अनोळखी नंबरवरून मेसेज येतात: ‘मीटिंगमध्ये आहे, बोलता येत नाही, अमुक खात्यावर लगेच दोन लाख टाक.’ थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाचीही नक्कल करतात. ज्या पेढीवर मालकाला उलट फोन करायची चोरी असते तिथे हे फार छान चालतं. ‘पी हळद अन् हो गोरी’ असली घाई कुणी लावली की तुमच्या धंद्यातल्या माणसाला तरी संशय यायला हवा!

इतर वाचकांसाठी थोडं, कारण या महिन्यात अशी बरीच पत्रं आहेत. साताऱ्याच्या एक ताई जेवणाच्या ऑर्डरी घेतात. त्यांना ‘साहेबांचा’ फोन आला: युनिटसाठी ऐंशी थाळ्या, पैसे आगाऊ देतो, पण लष्कराची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. अपशिंगे मिलिटरीसारखं, नावातच मिलिटरी असलेलं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे वर्दीला नाही कोण म्हणणार? ताईंचा सख्खा भाऊ फौजेत. त्यांनी स्कॅन केलं, १८,००० गेले. ताई, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही. या दोन्ही गोष्टी फक्त पैसे देताना. लष्कराचा यूपीआय वेगळा नसतो. व्यक्तीनं व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, म्हणून हे लोक आता क्यूआरवर जास्त जोर देतात असं मला पत्रांवरून दिसतं. तुमच्या भावाला सांगायला लाजू नका, उलट त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांच्या घरी तो सांगेल.

किराणा आणि चहावाल्यांनो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी बरोबरची खूण म्हणजे पैसे नव्हेत, तसं चित्र दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. आपल्या खात्यावर आले का तेवढंच बघा. सकाळी दुकान उघडल्यावर आपल्याच क्यूआरवर घरच्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया टाका, रात्रीत कुणी वरून दुसरा कागद चिकटवला असेल तर कळेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनवर अ‍ॅप बसवणारी), मग ती वाहनाच्या दंडाची पावती असो की लग्नाची पत्रिका, उघडायची नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ या मेसेजवरचा नंबर फिरवला होता. बिल भरलेलं होतं, तरी फिरवला. पलीकडचा माणूस अ‍ॅप टाकायला सांगत होता आणि मी टाकत होते. दूधवाल्यानं बेल वाजवली म्हणून वाचले, अक्कल वापरून नव्हे.

आता तुमची बाजारातल्या नावाची भीती. यार्डात ही गोष्ट कुणाला कळलेली नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? काका चार दिवस पेढीवर नाहीत हे शेजारच्या गाळ्यातल्या हमालालाही माहीत असेल, आणि खरं कारण कळलं नाही की लोक आपापलं लावतात. ते काकांना महाग पडेल. बत्तीस वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजलेल्या माणसाबद्दल लोक काय लावतील ते मी लिहीत नाही. व्यापाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत तुम्हीच उभे राहून सांगा, तो मेल दाखवा. त्या बैठकीत आणखी एक-दोघं तरी घसा खाकरतील.

काकांना फोन करून बोलावू नका. घरी जा. मुलाला घेऊन जा. कापणार नाही हे सांगा, अंगठ्याचं सांगा, आणि मग फार वेळ तोच विषय नको, काकू चहा टाकतील तो प्या. निघताना पार्ट्यांच्या नंबरांची एक नवी कोरी वही त्यांच्याकडे ठेवून या. १९३० वरून तक्रारीचा क्रमांक मिळाला असेल तो पहिल्या पानावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.